तुतीच्या पिंपातलं पाणी

१

मालकीणबाईंनी काचेची लांब नळी पिंपात सोडली, वरच्या तोंडावर अंगठा दाबला आणि नळी अलगद बाहेर काढली. पेल्यात जे उतरलं ते पाणी होतं. किंचित पिवळट, पण पाणीच. त्यांनी पुन्हा नळी घातली, पुन्हा पाणी आलं. मग त्यांनी पिंपाला एक थाप मारली, तर ते पोकळ वाजलं.

बारा वर्षं ओकच्या, आतून मुद्दाम जाळलेल्या पिंपात मुरलेली बर्बन, म्हणजे मक्याची व्हिस्की, होती ती. तिच्यावर शेवटचा हात फिरवायला म्हणून तुतीच्या लाकडाच्या पिंपात भरलेली. ओक सगळेच वापरतात, चेरीही कोणी कोणी वापरतं. तुतीच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. म्हणून तर दुसऱ्या दिवशीच्या चाखणीला भलेभले जाणकार येणार होते. पांढरं कापड अंथरून झालं होतं, पेले पुसून झाले होते, आणि आता ज्याच्यासाठी एवढा थाटमाट तेच नाहीसं झालं होतं.

कोठाराला दार एक आणि किल्ली एक. मालकीणबाईंनी फार खोलात जायची तसदी घेतली नाही. किल्ली सांभाळणाऱ्या वहिनींना त्यांनी बोलावून घेतलं, किल्ली काढून घेतली आणि चारचौघांदेखत सुनावलं, "उद्या सकाळपर्यंत माल कुठे गेला ते कळलं नाही, तर पोलिसांना मी तुझंच नाव देणार."

वहिनींनी हूं की चूं केलं नाही. कामावरचे लोक मात्र एकमेकांकडे बघायला लागले, कारण वहिनी गप्प बसणाऱ्यांपैकी नव्हत्या.

२

विमा कंपनीने चौकशीला पाठवलेल्या गृहस्थांना ऑफिसात सगळे कोमटराव म्हणत. या माणसाने जन्मात कोमट पाण्याखेरीज काही प्यायलेलं नव्हतं. चहासुद्धा नाही. त्यांना दारूच्या कारखान्यात पाठवणं म्हणजे टकल्याला कंगव्याच्या दुकानात बसवणं, अशी थट्टा झाली. त्यांचे साहेब म्हणाले, "तोच बरा. निदान पुरावा पिऊन टाकणार नाही."

त्यात कोमटरावांना सणसणीत सर्दी झालेली. नाक चोंदलेलं, डोकं ठणकतंय आणि कपाळावर बामाचा थर. फाटकातून आत पाऊल टाकतात न टाकतात तोच एक बाई आडव्या आल्या.

"हे काय लावून आलात?"

"बाम."

"इथे? अहो, इथे आम्ही साबणसुद्धा बिनवासाचा वापरतो. अत्तर, पावडर, केसांचं तेल, सगळं फाटकाच्या बाहेर. तो नळ तिकडे. धुवा आधी."

कोमटरावांनी निमूटपणे तोंड धुतलं. याच त्या वहिनी, हे त्यांना नंतर समजलं. चोरीचा आळ डोक्यावर असताना ही बाई कारखान्याचा नियम मोडू देत नाही, याची त्यांना मोठी गंमत वाटली.

मालकीणबाईंनी त्यांना खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला बसवलं आणि स्वतः नाकाला रुमाल लावला. "धुऊनही जात नाही मेला! असो. विचारा काय ते."

"ती बर्बन तुम्ही चाखली होती?"

"थेंबसुद्धा नाही. पिंप शेवटच्या लाकडात गेलं की आप्पांशिवाय कोणी चाखायचं नाही, ही आमची रीत. आप्पा आमचे मुख्य चाखणारे. दर आठवड्याला ते घोट घेतात. ते 'काढा' म्हणाले की काढायचं. माझे सासरे मालक होते, पण तेही मध्ये तोंड घालत नसत."

"आणि आप्पा 'काढा' म्हणाले?"

बाईंनी जरा तोंड वाकडं केलं. "तीच तर रड! आधी म्हणाले, लवकरच काढू. मग थांबू, थांबू, अजून थांबू. शेवटी मीच तारीख ठरवली आणि आमंत्रणं धाडली."

"दुसऱ्या पिंपांना हात लागलाय?"

"नाही. शेजारीच त्याहून जुना, भारी माल पडलाय. त्याला कोणी शिवलेलंही नाही."

"पाणी कशाला घातलं असेल?"

"मला फसवायला. दुसरं काय?"

"किती आहे?"

"तळाशी, दोन-तीन बादल्या असेल."

मालकच आपल्या घरी चोरी करवतात आणि विम्याकडे हात पसरतात, हे कोमटरावांनी नोकरीत अनेकदा पाहिलं होतं. पण असा मालक घर पाहुण्यांनी भरायच्या आदल्या दिवशी स्वतःचीच फजिती करून घेत नाही. त्यांनी बाईंना मनातल्या यादीत शेवटच्या ओळीवर ठेवलं.

"या वहिनी कोण?"

"आप्पांची सून. नवरा परगावी असतो, ही सासऱ्यापाशी राहते. आप्पांच्या शब्दावर मी तिला किल्ली दिली होती." बाईंनी रुमाल पुन्हा नाकाशी धरला. "तेच जास्त लागलं मला."

३

कोठारात गारवा होता. मांडण्यांवर पिंपं ओळीने आडवी ठेवलेली, वरून तेवढा बारीक उजेड. तुतीचं पिंप बाकीच्यांहून लहान आणि मधाच्या रंगाचं होतं. त्याचं बूच जिथल्या तिथे नीट ठोकून बसवलेलं होतं.

"कुलूप शाबूत, बूच शाबूत," कोमटराव म्हणाले. "चोर फारच टापटिपीचा आहे."

"चोर मी आहे असं ठरलंय ना?" वहिनी म्हणाल्या. "मग माझं कौतुक चाललंय म्हणायचं."

"तुम्ही केलंत?"

"नाही."

"मग कोणी?"

"माहीत नाही."

"कोणाचा संशय?"

वहिनींची नजर क्षणभर चाखणीच्या खोलीच्या दाराकडे गेली आणि लगेच परत आली. "नुसत्या संशयावर माणसाचं नाव घेऊ नये. माझं घेतलंय, तेवढं पुरे आहे."

"दिवसा हे दार उघडंच असतं?"

"उघडं नसेल तर कामं कशी व्हायची? मालकीणबाई येतात, आप्पा येतात. मामा पिंपांच्या फळ्या आवळणाऱ्या लोखंडी कड्या ठोकायला म्हणून पिंपं चौकात नेतात, परत आणतात. कुलूप लागतं ते संध्याकाळी."

"बरं. आता जरा आप्पांना भेटतो."

"आज नको!" वहिनी इतक्या घाईने म्हणाल्या की कोमटराव जागेवरच थांबले. "म्हणजे, हा बामाचा वास घेऊन त्यांच्यापुढे जाऊ नका. उद्या भेटा. थकलेत ते. फार प्रश्न विचारू नका त्यांना."

पोलीस येणार होते हिच्यासाठी, आणि ही काळजी करत होती सासऱ्याची. कोमटरावांना वहिनींबद्दल फार बरं वाटलं, आणि तितकाच संशयही आला. ही बाई काहीतरी पोटात ठेवून होती.

४

पिंपं धुवायच्या चौकात ठोकठोक चालली होती. पिंपं बनवणारे मामा हे कोणाचेही सख्खे मामा नव्हते, म्हणून सगळ्या कारखान्याचे मामा होते. जाडजूड, केसांत लाकडाचा भुसा, हातात हातोडा. इथे दिवसभर पिंपं विसळली जात, त्यामुळे गटारालासुद्धा दारूचा वास असे आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे.

कोमटराव एका लहानशा पिंपावर टेकले. आत काहीतरी डुचमळलं.

"यात काय आहे?"

"पाणी. रिकामं पिंप कोरडं ठेवलं की फळ्या आकसतात, मग त्याची चाळणी होते. तळाला थोडं पाणी ठेवलं की लाकूड जिवंत राहतं." मामांनी नाक मुरडलं आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन चार पावलं पलीकडे सरकले. "राग मानू नका साहेब, पण तुमचा वास फार आहे."

"मामा, ही चोरी कोणी केली असेल?"

"लाकूड चांगलं होतं," मामा म्हणाले.

कोमटराव शिंकायचं विसरले. "मी चोराबद्दल विचारलं."

"हो, ते झालंच. पण कोणी म्हणायला नको की लाकूड कच्चं होतं. माझ्या घरामागचं झाड ते. माझ्या बायकोने लावलेलं. ती गेली आणि पाठोपाठ एका वादळात झाडही आडवं झालं. जाळायला हात धजेना. आप्पा म्हणाला, पिंप कर, त्यात आपण आपली सगळ्यात चांगली बर्बन घालू. आप्पा आणि मी इथे एकदमच लागलो, मिसरूड फुटायच्या आधी. तो म्हणाला म्हणजे संपलं. सावलीत वाळवलं मी ते लाकूड, दिवसातून दहादा हात लावून बघायचो. नीट वाळवलं होतं."

"नव्हतं असं कोणी म्हणालं का?"

हातोडा हवेतच राहिला. "नाही. कोण म्हणणार?" मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "वहिनींना काही होणार नाही ना?"

"उद्या सकाळी पोलीस येतील त्यांच्यासाठी."

मामांचा पुढचा घाव कडीवर पडला नाही. तो त्यांच्या स्वतःच्या अंगठ्यावर पडला.

५

वहिनींनी नको म्हटलं म्हणूनच कोमटराव आप्पांकडे गेले. दारापर्यंत पोचेतो डोकं पुन्हा ठणकायला लागलं आणि सवयीने बोट डबीत गेलं. कपाळाला बाम चोपडून झाल्यावर त्यांना वहिनींचा नियम आठवला, पण तोवर दार उघडलं होतं.

आप्पा म्हणजे काटकुळे, स्वच्छ, हसऱ्या डोळ्यांचे म्हातारे. त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली आणि गुडघ्याला गुडघा लावून समोर बसले. सकाळपासून ज्याला त्याला आपल्यापासून लांब पळताना पाहिलेल्या कोमटरावांना अगदी भरून आलं. किती सभ्य माणूस, असं त्यांना वाटलं.

"कशी होती हो ती बर्बन? मला यातलं काही कळत नाही."

"गोड. जिभेवर जड. घशाखाली उतरताना ऊब. गोडवा वाढत चालला होता, म्हणून म्हटलं थांबू."

"आणखी?"

"आणखी काय? गोड होती." आप्पांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "साहेब, माझ्या सुनेने हे केलेलं नाही. हवं तर मी केलं असं लिहा."

"तुम्ही केलंत?"

"नाही. पण माझं आता वय झालंय, मला चालेल."

कोमटराव हसले, आप्पाही हसले. पण आप्पांचे डोळे मगासारखे हसरे राहिले नव्हते.

६

"दारातच थांबा!" घरी पोचताच बायको ओरडली. "केवढा तो वास! जिन्यातल्या शेजाऱ्यांनासुद्धा कळलं असेल तुम्ही आलात ते."

"मला तर काहीच येत नाहीये."

"नाक बंद असल्यावर कसा येईल? आणि असेच गेला होतात तुम्ही त्या दारूवाल्यांकडे? कोणी हाकलून नाही दिलं?"

"दिलं ना. एकीने तोंड धुवायला लावलं, एकीने रुमाल धरला, एक वाऱ्याच्या उलट्या बाजूला जाऊन उभा राहिला. सगळ्यांनीच..." कोमटराव एका पायात बूट आणि दुसरा हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"काय झालं?"

"सगळ्यांनी नाही," ते म्हणाले. "एक जण सोडून."

बायकोने आणलेलं कोमट पाणी त्या दिवशी गार होऊन गेलं.

७

सकाळी चाखणीच्या खोलीत मालकीणबाई, वहिनी, मामा आणि आप्पा जमले. कोमटरावांनी आज बाम लावला नव्हता आणि डोकं दुखत असूनही ते उभे राहून बोलत होते.

"चोर दारू नेतो ती विकायला किंवा प्यायला. मग शेजारचा जुना, भारी माल सोडून त्याने हेच पिंप का धरलं? जे आप्पांखेरीज कोणी चाखलेलं नाही आणि चारचौघांत उघडायचं आहे, नेमकं तेच? मला वाटतं त्याला दारू नको होती. तिची चव कोणाला कळू नये, एवढंच त्याला हवं होतं. म्हणून ती गेली गटारात. चौकातल्या गटाराला दारूचा वास आला म्हणून इथे कोण चौकशी करणार?"

"बारा वर्षांची बर्बन गटारात?" बाई खुर्चीतून उठल्याच.

"आता पाणी. फसवायचं असतं तर त्याने पिंप काठोकाठ भरलं असतं. दोन-तीन बादल्यांनी कोण फसतं? ते पाणी पिंपासाठी होतं, फळ्या आकसू नयेत म्हणून. इतकी घाबरगुंडी उडालेली असताना ज्याला लाकडाची दया आली, आणि भर दिवसा पिंप बाहेर नेलं तरी ज्याच्याकडे कोणी वळून बघणार नाही, असा माणूस इथे एकच आहे. मी त्यांना चोर विचारला, त्यांनी लाकडाचं उत्तर दिलं."

मामा उठले. सुजलेला अंगठा त्यांनी दुसऱ्या मुठीत धरला होता.

"मीच ओतली. काल रात्रभर बाईंकडे जायचं ठरवत होतो, पाय उचलेना. किल्लीवरून वहिनींचं नाव येईल हे, देवाशप्पथ, माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कड्या बघताना मी बूच काढून हुंगायचो. आधी छान होती. मग भुशाचा वास यायला लागला, कच्च्या, ओल्या लाकडाचा. आठवड्यागणिक वाढतच गेला. एकदा बोट बुडवून चाटलं, तर जिभेवर गोड आणि नाकाला नुसता भुसा! लाकूड मी कच्चंच वापरलं असणार. घाई केली असणार. आणि हा आप्पा दर आठवड्याला चाखतोय आणि अवाक्षर काढत नाहीये. थांबू, थांबू म्हणतोय. माझी लाज राखायला. मित्राने माझ्यापायी जगासमोर तोंडघशी पडावं का?"

कोमटरावांनी पुढे बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. पुढची पायरी त्यांना ठाऊक होती, पण ती त्यांनी चढायची नव्हती.

"माझा हिशोब इथवरच," ते म्हणाले आणि खाली बसले.

वहिनी जमिनीकडे बघत होत्या. आप्पा मामांकडे बघत होते. मामांच्या डोळ्यांतून सरळ धार लागली होती आणि ते तीच पुसत पुन्हा पुन्हा म्हणत होते, "तिचं झाड मी वाया घालवलं, आप्पा. तिचं झाड."

आप्पांना ते बघवेना.

"लाकूड चांगलं होतं," ते म्हणाले. "ऐकतोयस का? लाकूड चांगलंच होतं. माझं नाक गेलंय रे. गेल्या थंडीत ताप आला, तेव्हापासून. आज येईल, उद्या येईल, करत राहिलो. जिभेला गोड, कडू, तिखट तेवढं कळतं, बाकी सगळं बंद. पिंप कधीच काढायला हवं होतं. तुतीने आपलं काम केलं आणि मी तिला थांब म्हटलंच नाही, मग ती बिचारी काय करणार? मी कसली लाज राखतोय तुझी? मला काही कळतच नव्हतं."

मामा त्यांच्याकडे बघतच राहिले. "पण तू कधी चुकत नाहीस."

"तेच तर झालं ना, बाबा."

"मला माहीत होतं," वहिनी म्हणाल्या. "घरी दूध करपलं, आप्पा शेजारच्या खोलीत बसून पेपर वाचत होते. काल पिंप रिकामं निघालं तेव्हा मला वाटलं, आप्पांनीच ओतलं. मग मी काय बोलणार?"

असा सगळा अळीमिळी गुपचिळीचा खेळ. जो तो दुसऱ्याला वाचवायला तोंड शिवून बसलेला, आणि त्यापायी एक धडधडीत निरपराध बाई पोलिसांच्या दारात उभी.

मालकीणबाई आधी चिडल्या, आणि त्यांनी चिडू नये असं म्हणायला कोणाचीच छाती नव्हती. आप्पांना म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांच्या जागी मानते मी तुम्हाला, आणि एवढं मला सांगता आलं नाही?" मामांना म्हणाल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग त्या वहिनींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "सगळ्यांदेखत बोलले होते, म्हणून सगळ्यांदेखत सांगते. माझं चुकलं. बाहेरच्या लोकांनाही आत्ताच बोलावून सांगते." आणि खरंच दार उघडून त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं. तेव्हा मात्र वहिनी रडल्या.

"मला चोरी झाली नाही असं लिहावं लागेल," कोमटराव म्हणाले.

"लिहा. खोटं पुष्कळ झालं. पाहुण्यांनाही आता खरं तेच सांगेन."

गर्दी पांगली तरी मामा तिथेच घुटमळत होते. मग आपल्या हत्यारांच्या पेटीतून त्यांनी चिंधीत गुंडाळलेली एक लहानशी बाटली काढली. "ही मात्र चोरी आहे. छान होती ना, त्या दिवसांत भरून घेतली होती. बायकोच्या झाडाची आठवण म्हणून."

"मला सर्दी झालीय," कोमटराव खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मला काही दिसलं नाही."

मालकीणबाईंनी थेंबभर तळहातावर घेतली, हात चोळले आणि ओंजळ नाकाशी नेली. चोळलं की आधी धान्याचा वास उडून जातो, मग मागे लाकडाचा उरतो. त्या तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी ओंजळ वहिनींपुढे धरली. वहिनींनी वास घेतला आणि नकळत सासऱ्याकडे पाहिलं.

"कशी आहे?" आप्पांनी विचारलं.

बाईंनी पेल्यात थोडी ओतून तो त्यांच्यापुढे धरला. आप्पांनी पेला घेतला. जन्माच्या सवयीने आधी नाकाशी नेला, थांबले, आणि तसाच खाली आणला. मग एक घोट घेतला. "गोड," ते म्हणाले. "बाकीचं तू सांग."

"मी?" मामा गडबडले. "मला कुठे येतं? तुझ्यासारखे शब्द नाहीत माझ्याकडे."

"माझे शब्द चुलीत घाल. तुला येतं तसं सांग."

मामांनी डोळे मिटले. "आधी साखर. करपायला लागते ना, तेव्हाची. मग जुनं लाकूड, उन्हात तापलेलं, त्याच्यावर हात ठेवावा तसं. मग तुती येते. फळ नाही, ते आपलं उगाच. झाड येतं. पाऊस पडून गेल्यावर त्याच्याखाली उभं राहिलं की यायचा तो वास. ती उभी असायची तिथे, बोटं जांभळी झालेली, मला हाक मारायची." त्यांनी डोळे उघडले. "आणि शेवटी काही नाही. शेवटी घोट संपतो आणि वाईट वाटतं."

आप्पा ऐकत होते. मालकीणबाईंनी त्यांचा पेला पुन्हा थोडा भरला. त्यांनी दुसरा घोट तोंडात धरला, गिळला नाही, आणि मामांना हाताने खूण केली, की पुन्हा सांग, सावकाश.